१९१० ते १९४०: एका अमेरिकी घराचा जमाखर्च कसा मांडावा

अमेरिकेतली विसाच्या दशकातली तेजी आणि तिच्यामागून आलेली महामंदी यांच्यावर लिहायला बसलं की हात पहिल्यांदा शेअर बाजाराच्या आकड्यांकडे जातो. तो आवरावा. १९२९ साली देशाची लोकसंख्या १२ कोटींच्या आसपास होती आणि शेअर दलालांकडे खातं असलेली माणसं होती सुमारे १५ लाख. त्यातही उधारीवर शेअर घेणारी सुमारे ६ लाखच. बाकीच्या घरांत तेजी आली ती पगारातून, हप्त्यावर घेतलेल्या गाडीतून, गहाण टाकलेल्या घरातून. मंदीही त्याच दारांनी आत शिरली. म्हणून ज्याला कथेसाठी, अनुवादासाठी, प्रकल्पासाठी किंवा एखाद्या कुटुंबाच्या इतिहासासाठी हा काळ नीट उभा करायचा आहे, त्याने एक घर निवडावं आणि त्याची वर्षवार वही मांडावी. कोणता कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि कुठे चकवतो, ते पुढे दिलं आहे.

वहीत दर वर्षाला एक ओळ ठेवा. रकाने असे: पत्ता, घरात कोण कोण राहतं, कोण काय काम करतं, आठवड्याचा पगार, घरभाडं किंवा गहाणाचं व्याज, चालू हप्ते, बँकेत नावावर असलेली रक्कम, प्रत्यक्ष हातात येऊ शकणारी रक्कम, आणि शेवटी ही माहिती कुठून मिळाली ते. बँकेचे रकाने दोन का, ते पुढे कळेल. शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. अंदाज केला असेल तर ‘अंदाज’ असं लिहा आणि ते पेन्सिलीने लिहा.

आधी गाव आणि धंदा ठरवा

‘मंदी ऑक्टोबर १९२९ मध्ये सुरू झाली’ हे वाक्य सगळ्या घरांना लागू पडत नाही. कॅन्ससमधल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मंदी १९२० सालीच सुरू झाली होती. पहिल्या महायुद्धात सरकारने गव्हाला हमीभाव दिला होता. १९१९ मध्ये शेतकऱ्याला बुशेलमागे (बुशेल हे धान्याचं माप, गव्हाचे सुमारे २७ किलो) दोन डॉलरच्या वर मिळत होते. त्या भरात लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर घेतले. १९२० च्या मध्यात हमी संपली, युरोपातली शेती पुन्हा उभी राहू लागली आणि भाव वर्षभरात निम्म्यावर आले. कर्ज मात्र होतं तेवढंच राहिलं. १९३२ मध्ये तोच गहू ३८ सेंटला गेला. अशा घराच्या वहीत १९२० चं दशक ‘तेजी’ म्हणून रंगवलं तर ती वही पहिल्या पानापासूनच चुकते.

फ्लोरिडातलं घर असेल तर त्याचं कोसळणं १९२६ चं. तिथे १९२५ मध्ये प्लॉटच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के बयाणा भरून पावती घ्यायची आणि पुढचा हप्ता यायच्या आत ती पावतीच चढ्या भावाने विकायची, असा धंदा चालला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेल्वेने मालवाहतुकीवर निर्बंध घातले, जानेवारी १९२६ मध्ये मायामीच्या बंदराच्या तोंडाशी एक मोठं जहाज कलंडलं, बांधकामाचं सामान अडकलं, आणि १८ सप्टेंबर १९२६ च्या वादळाने उरलंसुरलं संपवलं.

डेट्रॉइटचा कामगार घेतला तर चित्र पुन्हा वेगळं. हे शहर १९१० मध्ये ४,६५,७६६ लोकांचं होतं, १९३० मध्ये १५,६८,६६२ लोकांचं झालं. फोर्डने ५ जानेवारी १९१४ ला पाच डॉलर रोज जाहीर केला. त्याआधी नऊ तासांच्या पाळीला २.३४ डॉलर मिळत. वहीत सरसकट पाच डॉलर लिहिण्याआधी थांबा. त्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग हा नफ्यातला वाटा होता आणि तो मिळण्यासाठी कंपनीचे तपासनीस घरी येऊन बघत: घर स्वच्छ आहे का, माणूस दारू पितो का, बचत करतो का, घरात परके भाडेकरू कोंबले आहेत का. नवीन कामगाराला सहा महिने थांबावं लागे. आणखी एक खूण १९२७ ची. मॉडेल टी ही गाडी बंद करून नव्या मॉडेलची तयारी करण्यासाठी फोर्डचं उत्पादन काही महिने थांबलं. ऐन तेजीत त्या घरांच्या वहीत त्या महिन्यांत पगाराचा रकाना कोरा असू शकतो.

कृष्णवर्णीय कुटुंब असेल तर दक्षिणेतून उत्तरेकडे झालेलं स्थलांतर पहिल्या पानावर यायला हवं. डेट्रॉइटमधली कृष्णवर्णीयांची संख्या १९१० मध्ये ५,७४१ होती, १९३० मध्ये १,२०,०६६. युद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले, नंतर १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी त्यांच्यावर मर्यादा आली. ती जागा या लोकांनी भरली. मंदीत कामावरून सगळ्यांत आधी काढलं गेलं तेही त्यांनाच.

जनगणनेची पानं वाचणं

वहीचा कणा म्हणजे दर दहा वर्षांची जनगणना. नावानिशी पानं ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे १९५० पर्यंतची सगळी आज पाहता येतात. (१८९० ची बहुतेक पानं १९२१ च्या आगीत नष्ट झाली, ती शोधत बसू नका.) प्रत्येक वेळचे प्रश्न वेगळे होते आणि गणनेचा दिवसही वेगळा, म्हणून आधी तारीख लिहून घ्या: १९१० ची १५ एप्रिल, १९२० ची १ जानेवारी, १९३० आणि १९४० ची १ एप्रिल.

१९१० च्या पानावर माणूस त्या दिवशी बेकार होता का आणि १९०९ मध्ये किती आठवडे बेकार होता, हे विचारलेलं आहे. १९२० मध्ये हा प्रश्नच नाही. तिथे घर मालकीचं की भाड्याचं आणि मालकीचं असेल तर गहाण आहे की मोकळं, एवढं मिळतं. किंमत मिळत नाही.

१९३० चं पान सगळ्यांत बोलकं. सातव्या रकान्यात मालकी की भाडं, आठव्यात घराची किंमत किंवा महिन्याचं भाडं, नवव्यात रेडिओ आहे का. रेडिओ असेल तर प्रगणकाने तिथे एकच इंग्रजी अक्षर लिहिलेलं असतं, नसेल तर जागा कोरी. त्या वर्षी सुमारे ४० टक्के कुटुंबांकडे रेडिओ होता. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने नोव्हेंबर १९२० मध्ये निवडणुकीचे निकाल प्रसारित केले, त्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. घरात वीज होती का, हे मात्र या पानावरून कळत नाही. १९३० च्या आसपास शहरी घरांत वीज सर्रास होती, शेतावरच्या घरांत दहापैकी एकाकडे. शेतावरच्या घरात रेडिओ दिसला तर तो बॅटरीवरचा असण्याचीच शक्यता जास्त.

आता चकव्याची जागा. १९३० च्या अठ्ठाविसाव्या रकान्यात माणूस आदल्या दिवशी कामावर होता का, ते आहे. ‘हो’ दिसलं म्हणून पूर्ण पगार धरू नका. त्या वसंतात कितीतरी कारखाने आठवड्याचे तीन-चारच दिवस चालत होते आणि तो माणूसही ‘हो’मध्येच मोजला गेला. ‘नाही’ असेल तर एकोणतिसाव्या रकान्यात बेकारीच्या वेगळ्या तक्त्याचा क्रमांक मिळतो, पण ते तक्ते जपले गेले नाहीत. तिथून पुढे वाट नाही.

१९४० मध्ये १९३९ च्या पगाराचा आकडा मिळतो (बत्तिसावा रकाना), वर्षातले किती आठवडे काम केलं ते मिळतं (एकतिसावा), आणि बाविसाव्या रकान्यात सरकारी मदतकामावर होता का ते. पाच हजार डॉलरच्या वरचा पगार ‘५०००+’ एवढाच लिहिलेला असतो. १ एप्रिल १९३५ ला हा माणूस कुठे राहत होता, तेही त्याच पानावर आहे. ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाला गेलेलं कुटुंब इथे एका ओळीत पकडता येतं. नावाशेजारी वर्तुळात फुली दिसली तर माहिती त्या व्यक्तीने दिली. फुली नसेल, तर ती कदाचित शेजाऱ्याने सांगितलेली असेल. मग वय आणि पगार दोन्ही पेन्सिलीने लिहा.

शहर आणि खेडं हा शब्दप्रयोगही जपून. १९२० मध्ये प्रथमच निम्म्याहून जास्त लोक ‘शहरी’ ठरले, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्या हिशेबात अडीच हजार वस्तीचं गावही शहरच होतं.

मधला खड्डा भरणं

तारखा पुन्हा पाहा. १९२० ची गणना युद्धानंतरच्या महागाईच्या शिखराजवळ झाली, १९३० ची पडझड नुकती सुरू झाल्यावर आणि १९४० ची सावरत असताना. १९२१ ची तीव्र मंदी आणि १९३२-३३ चा तळ, दोन्ही जनगणनेच्या दोन काठांच्या मध्ये राहून जातात. ज्यांनी फक्त जनगणना वापरली त्यांच्या वहीत घर १९३० ला ठीक, १९४० ला ठीक, आणि मधल्या दहा वर्षांचं काहीच नाही. सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यावी लागते, आणि ती घेण्यासारखी आहे.

पहिला आधार शहर निर्देशिकांचा. बहुतेक शहरांत दरवर्षी किंवा वर्षाआड नाव, धंदा आणि पत्ता देणारी जाड पुस्तकं निघत. त्यात घरप्रमुखाच्या नावापुढे एक खूण असते आणि खोली घेऊन किंवा जेवणासह राहणाऱ्यापुढे दुसरी. खुणांची यादी पुस्तकाच्या सुरुवातीला दिलेली असते, ती आधी उतरवून घ्या. कंसात बायकोचं नाव असतं. तिच्या नावापुढे ‘विधवा’ दिसलं तरी लगेच मृत्यू धरू नका, सोडून गेलेल्या नवऱ्याच्या बायकाही कधी कधी स्वतःला तसंच लिहवून घेत. दक्षिणेतल्या पुस्तकांत कृष्णवर्णीयांच्या नावाला वेगळी खूण केलेली असते. माहिती छापण्याच्या काही महिने आधी गोळा झालेली असते, म्हणून १९३३ च्या पुस्तकातला पत्ता १९३२ चाही असू शकतो.

वर्ष-वर्ष लावत गेलं की मंदी पत्त्यांतून दिसायला लागते. १९३० ला मुलगा आणि सून वेगळ्या पत्त्यावर, १९३२ ला दोघं आईबापांच्या पत्त्यावर. धंद्याच्या जागी ‘यंत्रकामगार’ जाऊन ‘मजूर’ येतं, मग धंद्याची जागाच कोरी. घराचा मालक असलेला माणूस त्याच रस्त्यावर भाड्याने राहताना दिसतो. एखाद्या वर्षी नावच सापडलं नाही तर कुटुंब गेलंच असं ठरवू नका. शेजाऱ्यांची नावं लावून घर रिकामं होतं का ते पाहा. घर क्रमांक बदलले असण्याचीही शक्यता असते: शिकागोने १९०९ मध्ये बहुतेक शहराचे क्रमांक नव्याने लावले, म्हणून १९०८ चा आणि १९१० चा पत्ता वेगळा दिसला तरी घर तेच असू शकतं.

दुसरा आधार विमा कंपन्यांसाठी काढलेल्या सॅनबॉर्न नकाशांचा. विटेचं घर गुलाबी, लाकडी पिवळं, दगडी निळं. परसात मोटारीच्या खोलीचा छोटा चौकोन १९१० च्या नकाशात नाही आणि १९२५ च्या नकाशात आहे, तर मधल्या काळात त्या घरात गाडी आली किंवा निदान तिची सोय तरी झाली.

तिसरा आधार अनेकांना ठाऊक नसतो. घरमालकांच्या गहाणांना आधार देण्यासाठी १९३३ मध्ये स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने १९३५ ते १९४० या काळात मोठ्या शहरांचे वस्तीनिहाय नकाशे काढले. चार रंग: हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे कर्जाला धोक्याची वस्ती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास हटकून लाल दाखवलेल्या आहेत, घरं कशीही असोत. प्रत्येक वस्तीसोबत एक वर्णनपत्र आहे आणि त्यात घराची किंमत आणि भाडं तीन वेळचं दिलेलं आहे: १९२९ चं, मधल्या तळाच्या वर्षाचं, आणि पत्र भरलं तेव्हाचं. जनगणनेतून निसटलेला तळ इथे सापडतो, तोही वस्तीच्या पातळीवर. पत्रातली वंशाबद्दलची भाषा अपमानकारक आहे. ती सौम्य करू नका, जशी आहे तशी उतरवून ठेवा. कर्ज कोणाला मिळालं आणि कोणाला नाही, याचा पुरावा तीच आहे.

पगाराचा आणि महागाईचा हिशेब

वेगवेगळ्या वर्षांचे डॉलर शेजारी ठेवण्याआधी ग्राहक किंमत निर्देशांक लावा. १९८२-८४ चे भाव १०० धरले तर लागणारे आकडे असे: १९१४: १०.०, १९२०: २०.०; १९२२: १६.८, १९२९: १७.१, १९३३: १३.०, १९३७: १४.४; १९४०: १४.०. जुनी रक्कम गुणिले हव्या त्या वर्षाचा आकडा, भागिले जुन्या वर्षाचा आकडा.

फोर्डचाच रोज घ्या. १९१९ पासून तो सहा डॉलर झाला. १९२० च्या भावांनी ते १९१४ चे फक्त तीन डॉलर होतात. ‘पगार वाढला’ असं वहीत लिहिलं आणि भाव लिहिले नाहीत तर १९१९-२० चे संप समजणारच नाहीत.

मंदीत उलटी चूक होते. कारखान्यातल्या कामगाराचा सरासरी आठवडा पगार १९२९ मध्ये २४.७६ डॉलर होता, १९३३ मध्ये १६.६५, म्हणजे जवळपास ३३ टक्के कमी. पण भावही उतरले होते. १६.६५ × १७.१ ÷ १३.० = २१.९०. नोकरी टिकलेल्या माणसाची खरेदीची ताकद सुमारे साडेअकरा टक्क्यांनीच घटली. आठवड्याचे तासही ४४ वरून ३८ वर आले होते. ही सरासरी कामावर असलेल्यांची आहे; जो कामावर नाही त्याचा पगार शून्य, आणि १९३३ मध्ये असा माणूस दर चारांत एक होता. म्हणून एका गल्लीत दोन अगदी वेगळ्या वह्या निघतात. पगार टिकलेल्या शिक्षकाचं घर आणि काम गेलेल्या गवंड्याचं घर यांची सरासरी काढू नका.

बेकारीचे आकडे घेताना त्यांची व्याख्या तपासा. एका प्रचलित मालिकेत १९३६ ची बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास आहे, दुसरीत दहाच्या किंचित खाली. पहिलीत मदतकामावरची माणसं बेकार धरली आहेत, दुसरीत कामावर. एकाच लेखात दोन्ही मिसळली तर काहीतरी भलतंच सिद्ध होतं.

कर्ज: इथे घर वाचतं किंवा बुडतं

भाव उतरतात, पगार उतरतो, कर्जाची रक्कम उतरत नाही. वहीतलं सगळ्यांत महत्त्वाचं गणित हेच.

हप्त्यापासून सुरुवात करा. १९१९ मध्ये देशात सुमारे ६७ लाख प्रवासी मोटारी नोंदलेल्या होत्या, १९२९ मध्ये २ कोटी ३० लाख. मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला होती, विसाच्या दशकाच्या मध्यात २९० ला. तरीही दशकाच्या अखेरीस निम्म्याहून जास्त गाड्या हप्त्यावरच विकल्या जात. नेहमीची अट: एक तृतीयांश रोख, बाकी बारा महिन्यांत. समजा गाडी ६०० ची. २०० रोख, ४०० उरले, त्यावर ४० आकार, एकूण ४४० भागिले १२, महिन्याला ३६.६७. ‘दहा टक्के व्याज’ असं लिहू नका. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं पण आकार पूर्ण ४०० वर लावलेला आहे. खरा वार्षिक दर काढायला आकाराला २४ ने गुणा आणि मुद्दल गुणिले १३ ने भागा: ९६० ÷ ५,२०० म्हणजे जवळपास साडेअठरा टक्के.

करार असा असे की शेवटचा हप्ता भरेपर्यंत गाडी विकणाऱ्याची किंवा वित्त कंपनीची. हप्ता चुकला की गाडी गेली आणि त्यासोबत आधी भरलेले पैसेही गेले. नऊ हप्ते भरून झालेला माणूस म्हणूनच बाकी सगळं सोडून गाडीचा हप्ता भरत राही. १९३० मध्ये लोकांनी खरेदी एकाएकी आखडली, त्याचं एक मोठं कारण हे आहे: काम जाण्याची भीती होती आणि आधीचे हप्ते बुडवणं परवडत नव्हतं, मग नवीन कोट, फर्निचर, दंतवैद्य हे सगळं थांबलं. त्या थांबण्याने आणखी कारखाने थंडावले. वहीत त्या वर्षी गाडी आहे आणि कपड्यांवर काही खर्च नाही, असं दिसलं तर ते अगदी बरोबर आहे.

आता घर. आजचं पंचवीस-तीस वर्षांचं गृहकर्ज त्या काळावर लादणं, ही सर्रास होणारी चूक. विसाच्या दशकात बँकेचं गहाण तीन ते पाच वर्षांचं असे, किमतीच्या निम्म्यापर्यंतच मिळे, आणि बहुतेकदा दरम्यान फक्त व्याज भरायचं असे. मुदत संपली की मुद्दल एकरकमी द्यायचं. प्रत्यक्षात लोक कर्ज फिरवून घेत, म्हणजे मुदत संपली की तेच नव्याने करून घेत. निम्म्याच्या वरची गरज दुसऱ्या गहाणाने भागवत, त्याचा दर बराच चढा. बिल्डिंग अँड लोन संस्थांची (सभासदांच्या बचतीतून घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थांची) कर्जं मात्र महिन्याच्या हप्त्याने अकरा-बारा वर्षांत फिटणारी होती. कोणाचं कर्ज आहे हे कळल्याशिवाय आकडा मांडू नका.

उदाहरण घ्या. १९२८ मध्ये ५,००० डॉलरच्या घरावर २,५०० चं गहाण, ६ टक्क्यांनी, पाच वर्षांचं. व्याज महिन्याला साडेबारा डॉलर. १९२९ च्या सरासरी पगाराच्या (महिन्याला १०७) हे पावणेबारा टक्के. १९३३ मध्ये पगार महिन्याला ७२ वर आला, तर तेच व्याज सतरा टक्क्यांच्या वर. हे कसंबसं निभलं असतं. पण मुद्दलाची मुदत १९३३ लाच संपते. १९२९ मध्ये ते १०१ आठवड्यांच्या पगाराएवढं होतं, १९३३ मध्ये १५० आठवड्यांच्या. आणि ज्या बँकेने ते फिरवून द्यायचं तीच बंद पडलेली. एकही हप्ता न बुडवता माणूस घर गमावतो तो असा. १९३३ मध्ये देशात रोज सुमारे हजार घरं जप्तीत जात होती.

होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने हेच गहाण विकत घेऊन पंधरा वर्षांचं, ५ टक्क्यांचं, मुद्दलासह फिटणारं केलं. २,५०० ला महिन्याचा हप्ता १९.७७. साडेबारापेक्षा जास्त आहे, पण शेवटी एकरकमी डोंगर नाही. अशी सुमारे दहा लाख कर्जं दिली गेली. आपल्या घराला मिळालं का, ते तालुकावजा काउंटी कार्यालयातल्या गहाणखतांच्या नोंदवहीत सापडतं. तिथे जुनं गहाण फिटल्याची नोंद आणि नवं गहाण एकाच दिवशी, शेजारी-शेजारी दिसतात.

शेअरचा वेगळा रकाना बहुतेक वह्यांत लागणारच नाही. भरायचा असेल तर ‘दहा टक्के भरून शेअर’ हे सरसकट लिहू नका; १९२९ पर्यंत अनेक दलाल ४० ते ५० टक्के मागत होते. प्रत्येकी शंभर डॉलरचे शंभर शेअर घेतले, २५ टक्के भरले, तर ७,५०० उधार. भाव ९० वर आला की स्वतःचे २,५०० घटून १,५०० उरतात आणि ‘आणखी पैसे भरा’ असा दलालाचा निरोप येतो. भाव ७५ ला शून्य. डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१.१७ होता, ८ जुलै १९३२ ला ४१.२२. मधे एप्रिल १९३० मध्ये तो २९४ पर्यंत परत चढला होता, आणि ‘संपलं आता’ म्हणून त्या वेळी पुन्हा आत शिरलेले लोक जास्त पोळले.

बँकेचे दोन रकाने

१९३० ते १९३३ या काळात सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. न्यू यॉर्कमधली बँक ऑफ युनायटेड स्टेट्स ११ डिसेंबर १९३० ला बंद झाली. नाव सरकारी वाटलं तरी ती खासगी होती आणि तिचे ठेवीदार बहुतांशी स्थलांतरित, छोटे दुकानदार, शिवणकामगार. बँक बंद पडली म्हणजे सगळी ठेव बुडाली असं नसे. नेमलेला अधिकारी मालमत्ता विकून ठेवीदारांना थोडे-थोडे पैसे देई, कधी वर्षानुवर्षं. म्हणून नावावर ४०० डॉलर आणि हातात शून्य, अशी नोंद हवी. भाडं आणि किराणा दुसऱ्या रकान्यातून चालतो.

मिशिगनमध्ये १४ फेब्रुवारी १९३३ पासून राज्यभर बँका बंद होत्या, आणि ६ मार्चपासून देशभर. त्या दिवसांत पगाराचा धनादेश हातात असूनही वटवता येत नव्हता. ठेवींचा विमा १ जानेवारी १९३४ पासून, आधी २,५०० डॉलरपर्यंत, त्याच वर्षी जुलैपासून ५,०००. त्यापूर्वीच्या वर्षांत राष्ट्रीय विमा धरू नका. सावध लोक, विशेषतः स्थलांतरित, टपाल बचत खात्यात पैसे ठेवत. तिथे दोन टक्केच व्याज होतं, पण मागे सरकार होतं.

माणसांचा रकाना

पैशाचे रकाने भरले की घरात कोण आहे तो रकाना पुन्हा वाचा, आता तो वेगळा दिसेल. १९२९ मध्ये देशात बारा लाखांहून जास्त लग्नं झाली, १९३२ मध्ये दहा लाखांपेक्षा कमी. घटस्फोटही घटले, कारण त्यालाही पैसे लागतात. पंचविशीतली मुलगी घरीच आणि तिचाच पगार घरात येणारा एकमेव, असं बरेचदा दिसतं: बापाचं कारखान्यातलं काम गेलं, तिचं टंकलेखनाचं किंवा टेलिफोनवरचं टिकलं. लग्न झालेल्या बाईचं मात्र अवघड होतं. १९३२ च्या कायद्याने नवरा-बायको दोघं केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर कपातीत आधी अशाच घरातल्या एकाला काढायचं ठरलं, आणि काढल्या गेल्या त्या बहुतेक बायका. १९३७ पर्यंत ते कलम होतं. कितीतरी शाळा लग्न झालेल्या शिक्षिकेला ठेवतच नसत. म्हणून एखादी शिक्षिका वहीत ‘अविवाहित’ आणि दोन वर्षांनी नवऱ्यासह दिसली, तर लग्न लपवलेलं असण्याची शक्यता तपासून पाहा.

मदतकामाचं उत्पन्न लिहिताना नियम लक्षात ठेवा. नागरी संवर्धन दलातल्या (बेकार तरुणांसाठीच्या सरकारी योजनेतल्या) मुलाला महिन्याला ३० डॉलर, त्यातले सर्वसाधारणपणे २५ थेट घरी जात. ते आईबापांच्या जमेत धरा, मुलाच्या नाही. १९३५ पासूनच्या डब्ल्यूपीएच्या, म्हणजे बेकारांना काम देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेच्या, कामावर साधारणपणे एका कुटुंबातला एकच माणूस घेतला जाई आणि महिन्याचं वेतन भाग आणि कौशल्य पाहून सुरुवातीला १९ ते ९४ डॉलर होतं. महायुद्धातल्या सैनिकाचं घर असेल तर १९३६ च्या उन्हाळ्यात एक मोठी जमा शोधा: १९२४ च्या कायद्याने १९४५ ला मिळायचा बोनस त्या वर्षी रोख्यांच्या रूपात दिला गेला, सरासरी साडेपाचशे डॉलर. १९३१ मध्ये त्यावर कर्ज काढलं असेल तर ते वजा करून.

सगळं भरून झालं की १९३९ ची ओळ १९४० च्या जनगणनेतल्या पगाराशी ताडून पाहा. न जुळल्यास आधी तेहेतिसावा रकाना बघा. पगाराशिवाय पन्नास डॉलर किंवा जास्त उत्पन्न होतं का, याचं तिथे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असतं. दुकानाचा नफा, शेताचं उत्पन्न, ठेवलेल्या भाडेकरूंचे पैसे हे सगळं त्या एका ‘हो’मध्ये असतं, म्हणून पगाराच्या जागी शून्य असलेलं घर उपाशीच होतं, असं त्या पानावरून म्हणता येत नाही.